चार कॅमेरे, एक घड्याळ: संगणकावरचे थेट प्रक्षेपण

थेट प्रक्षेपणात चित्र निवडायची संधी एकदाच मिळते. चित्रपटाचे किंवा मालिकेचे तुकडे नंतर संकलकाच्या टेबलावर निवांत जुळवता येतात. कबड्डीचा सामना, कीर्तन, जाहीर सभा किंवा लग्न थेट दाखवताना मात्र तीच निवड प्रसंग घडत असतानाच करावी लागते. तीन-चार कॅमेऱ्यांची चित्रे एका जागी आणायची, त्यांतले एक प्रेक्षकांकडे पाठवायचे, त्यावर नावे आणि गुण चढवायचे, आवाज जुळवायचा, सगळे साठवून ठेवायचे आणि त्याच वेळी इंटरनेटवर सोडायचे, अशी ही कामे आहेत. पूर्वी यांतल्या प्रत्येक कामाला वेगळे यंत्र आणि वेगळा माणूस लागे. आता ही सगळी कामे एका बऱ्यापैकी ताकदीच्या संगणकात चालणारे सॉफ्टवेअर करते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळात आणि त्यानंतरही कित्येक वर्षे स्टुडिओबाहेरचा कार्यक्रम थेट दाखवायचा म्हणजे बाह्य प्रक्षेपणाची गाडी, म्हणजे ओबी व्हॅन, न्यावी लागे. तिच्यात बसवलेला, चित्रे बदलणारा व्हिजन मिक्सर आणि कॅमेऱ्यांची नियंत्रणयंत्रे ही मोठ्या संस्थांनाच परवडणारी सामग्री होती. या मक्तेदारीला पहिला मोठा धक्का दिला तो अमेरिकेतल्या न्यूटेक कंपनीने. १९९० मध्ये बाजारात आलेले तिचे ‘व्हिडिओ टोस्टर’ हे अमिगा संगणकात बसणारे कार्ड चित्रे बदलणे, एकमेकांत विरघळवणे आणि अक्षरे चढवणे ही कामे घरगुती संगणकावर करू लागले. त्याची एक अट मात्र कडक होती. त्याला जोडलेली सगळी चित्रे एकमेकांशी अचूक तालात असावी लागत आणि त्यासाठी प्रत्येक कॅमेऱ्यामागे वेगळे दुरुस्तीयंत्र लावावे लागे. २००५ मध्ये याच कंपनीने ‘ट्रायकास्टर’ हा एकाच पेटीतला स्टुडिओ आणला. मग २०१२ मध्ये ह्यू बेली यांनी ‘ओपन ब्रॉडकास्टर सॉफ्टवेअर’, म्हणजे ओबीएस, लिहून मोफत उपलब्ध करून दिले. सुरुवातीला ते संगणकावरचे खेळ खेळता खेळता थेट दाखवणाऱ्यांच्या उपयोगाचे होते. मुक्त स्रोत असल्यामुळे जगभरच्या प्रोग्रॅमरांनी त्यात भर घातली आणि आज ते विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. ऑस्ट्रेलियात तयार होणारे ‘व्हीमिक्स’ आणि टेलिस्ट्रीम कंपनीचे ‘वायरकास्ट’ ही याच कामाची विकत मिळणारी सॉफ्टवेअर आहेत. व्हीमिक्स फक्त विंडोजवर चालते, पण क्रीडा सामन्यांसाठी लागणारी रिप्लेची सोय त्याच्या वरच्या आवृत्त्यांत तयार मिळते.

या सगळ्यांची मांडणी जुन्या मिक्सरवरूनच घेतलेली आहे. पडद्यावर दोन मोठ्या चौकटी असतात. एका चौकटीत या क्षणी प्रेक्षकांना दिसणारे चित्र असते. त्याला ‘प्रोग्रॅम’ म्हणतात. दुसरीत पुढे जाणारे चित्र तयार ठेवलेले असते, तो ‘प्रिव्ह्यू’. बटण दाबले की प्रिव्ह्यूतले चित्र प्रोग्रॅममध्ये जाते. चित्र क्षणात बदलले तर तो ‘कट’ आणि एक चित्र दुसऱ्यात विरघळत गेले तर ‘डिझॉल्व्ह’. ओबीएस उघडल्यावर सुरुवातीला एकच चौकट दिसते. ‘स्टुडिओ मोड’ चालू केला की दोन होतात. अनेक कॅमेऱ्यांचे काम करणाऱ्याने हा मोड चालू केल्याशिवाय सुरुवात करूच नये. पुढचे चित्र न पाहता बटण दाबणे म्हणजे वळणावर समोरून काय येते ते न पाहता गाडी घालणे आहे.

ओबीएसमधली मूळ कल्पना ‘सीन’ आणि ‘सोर्स’ या दोन शब्दांत सामावते. कॅमेरा, मायक्रोफोन, छायाचित्र, व्हिडिओची फाइल, संगणकाची खिडकी हे सगळे सोर्स. त्यांची एकावर एक थरांत केलेली मांडणी म्हणजे सीन. रुंद कॅमेरा, वर गुणफलक आणि कोपऱ्यात मंडळाचे चिन्ह हा एक सीन. जवळचा कॅमेरा आणि खाली वक्त्याच्या नावाची पट्टी हा दुसरा. एका सीनमध्ये दुसरा सीनही सोर्स म्हणून टाकता येतो. याचा फायदा अनुभवी ऑपरेटर पुरेपूर घेतात. गुणफलक आणि चिन्ह यांचा एकच सीन करून तो बाकी सगळ्या सीनमध्ये ठेवला की चिन्ह बदलायचे असल्यास दहा ठिकाणी हात लावावा लागत नाही.

चित्र संगणकात आणणे हे पहिले अवघड काम. त्यातले गणित समजले की बहुतेक अडचणींचे मूळ कळते. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक बिंदूला सरासरी दोन बाइट लागतात आणि भारतात दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे फ्रेम, धरल्या जातात. एका कॅमेऱ्याची न दाबलेली माहिती अशा रीतीने सेकंदाला सुमारे १०४ मेगाबाइट होते, म्हणजे ८३० मेगाबिट. यूएसबी २.० ची कमाल क्षमता ४८० मेगाबिट आहे. कॅमेऱ्याचे चित्र संगणकात घेणारे स्वस्त कॅप्चर कार्ड जुन्या यूएसबी खाचेत लावले की चित्र आधी दाबून पाठवावे लागते. त्यात ते थोडे खराब होते आणि उशिराही पोहोचते. यूएसबी ३.० ची क्षमता ५ गिगाबिट असली, तरी लॅपटॉपच्या दोन-तीन खाचा आतून बहुधा एकाच वाटेला जोडलेल्या असतात. एका हबवर चार कॅप्चर कार्डे लावून चारही कॅमेरे सुरळीत चालतील अशी आशा धरू नये. डेस्कटॉप संगणकाच्या आत बसणारे चार इनपुटचे कार्ड महाग असते, पण रोज काम करणाऱ्याचा तो खर्च वसूल होतो.

केबलचीही हीच गोष्ट आहे. एचडीएमआयची साधी तांब्याची केबल दहा-पंधरा मीटरपुढे भरवशाची राहत नाही आणि तिच्या टोकाला कुलूप नसल्याने पाय लागला की ती निसटते. एसडीआयची केबल शंभर मीटरच्या आसपास जाते आणि तिचे टोक फिरवून पक्के बसते. मैदानात, मंडपात, माणसांची ये-जा असलेल्या ठिकाणी म्हणूनच एसडीआय वापरतात. तिसरा मार्ग नेटवर्कचा. न्यूटेकने २०१५ मध्ये एनडीआय ही पद्धत आणली. तीत कॅमेऱ्याचे चित्र संगणकांना जोडणाऱ्या साध्या लॅन केबलवरून येते आणि एकाच केबलवर अनेक चित्रे बसतात. मोबाइल फोनही ॲपच्या मदतीने एनडीआय कॅमेरा होऊ शकतो. फक्त हे वायफायवर न करता वायरवर करावे. शेकडो प्रेक्षकांचे फोन वायफाय शोधत असलेल्या सभागृहात बिनतारी कॅमेरा ऐन वेळी दगा देतो.

आता घड्याळाकडे. या विषयाचा गाभा इथे आहे आणि पुस्तिकांत नेमका तोच भाग घाईत उरकलेला असतो. चार कॅमेरे चार ठिकाणी आपापल्या घड्याळावर चालतात. प्रत्येकाची फ्रेम सुरू होण्याचा क्षण वेगळा असतो. ओबी व्हॅनमध्ये सगळ्या कॅमेऱ्यांना एकच तालाचा संकेत पुरवतात. त्याला जेनलॉक म्हणतात. घरगुती कॅमेऱ्यांना ती सोय नसते. म्हणून सॉफ्टवेअर दुसरा मार्ग घेते. प्रत्येक कॅमेऱ्याची शेवटची पूर्ण फ्रेम ते स्मृतीत धरून ठेवते आणि स्वतःचे घड्याळ दर ४० मिलिसेकंदांनी वाजले की त्या क्षणी हाताशी असलेली फ्रेम उचलते. कॅमेऱ्याचे घड्याळ किंचित हळू असेल तर कधीतरी तीच फ्रेम दोनदा उचलली जाते. किंचित जलद असेल तर एखादी वगळली जाते. दोन घड्याळांत दहा लाखांत दहा भागांचा फरक असेल तर असे सुमारे ६७ मिनिटांत एकदा घडते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पण एक कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेमवर आणि बाकीची मांडणी २५ वर असेल, तर दर सेकंदाला पाच फ्रेम गळतात. कॅमेरा हळूहळू बाजूला वळताना ते हिसके डोळ्यांना स्पष्ट टोचतात. मोबाइल फोन मुळातच ३० वर लावलेले असतात, त्यामुळे मोठ्या कॅमेऱ्यांच्या जोडीला फोन लावला की हा दोष हमखास येतो. काम सुरू करण्यापूर्वी सगळे कॅमेरे आणि सॉफ्टवेअर एकाच आकड्यावर आणणे एवढाच त्यावर उपाय आहे.

तो आकडा २५ किंवा ५० ठेवण्यामागे विजेचेही कारण आहे. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा आहे आणि त्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. कॅमेऱ्याचा शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंदावर ठेवला की ही लुकलुक चित्रात येत नाही. एक साठांशावर ठेवला की चित्रावरून काळसर पट्टे सरकू लागतात. लग्नाच्या हॉलमध्ये आणि शाळांच्या सभागृहांत हे पट्टे वारंवार दिसतात आणि बिचाऱ्या कॅमेऱ्याला विनाकारण दोष मिळतो.

आवाजाचे घड्याळ याहून नाजूक असते. वक्त्याच्या माइकचा आवाज ध्वनीच्या मिक्सरमधून तारेने संगणकात काही मिलिसेकंदांत पोहोचतो. चित्र मात्र कॅमेऱ्याच्या आतली प्रक्रिया, कॅप्चर कार्ड आणि स्मृतीतली वाट पाहणे यांतून दोन ते चार फ्रेम उशिरा येते. आवाज त्यामुळे ओठांच्या पुढे धावतो. निसर्गात आवाज नेहमी दृश्याच्या मागून येतो, म्हणून मागे पडलेला आवाज माणूस बराच काळ खपवून घेतो. पुढे गेलेला त्याला लगेच खटकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मोजणीनुसार आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की जाणवतो, मागे मात्र सुमारे १२५ मिलिसेकंद होईपर्यंत जाणवत नाही. ओबीएसमध्ये प्रत्येक आवाजाला मिलिसेकंदांत उशीर लावायची सोय आहे. तो किती लावायचा हे शोधायची पद्धत सोपी आहे: कॅमेऱ्यासमोर आणि माइकजवळ जोरात टाळी वाजवायची, मुद्रण पाहायचे, हात एकमेकांना लागल्याची फ्रेम आणि टाळीचा आवाज यांतले अंतर मोजायचे. हे प्रत्येक कॅमेऱ्यासाठी करावे, कारण एसडीआयवरचा कॅमेरा आणि फोन यांचा उशीर सारखा नसतो. सगळ्यांत मागे असलेल्या कॅमेऱ्याशी बाकीचे कॅमेरे जुळवायचे आणि मग आवाज तिथे आणायचा, हा क्रम.

कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकवर विसंबणे ही नवशिक्या चमूंची सगळ्यांत महागात पडणारी सवय आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. लाउडस्पीकरपासून ३४ मीटरवर ठेवलेल्या कॅमेऱ्यात तो दशांश सेकंद उशिरा आणि घुमत पोहोचतो. ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या माणसाशी आदल्या दिवशी बोलून त्याच्या मिक्सरमधून एक वेगळी वायर मिळवावी, आणि मैदानाचा जिवंतपणा टिकवायला प्रेक्षकांच्या दिशेने एक स्वतंत्र माइक लावावा. चित्र पाच मिनिटे बिघडले तरी प्रेक्षक कीर्तन ऐकत राहतो; आवाज गेला की तो निघून जातो. खर्चाचा पहिला हक्क म्हणूनच आवाजाचा.

मराठी कार्यक्रमांत अक्षरांचा एक खास प्रश्न येतो. छपाईच्या जगात वर्षानुवर्षे वापरलेले श्रीलिपीसारखे फाँट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे आहेत. त्यांत टंकलेली नावे प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवली की भलतीच चिन्हे उमटतात. युनिकोड वापरले तरी काही सॉफ्टवेअरमधली अक्षरांची साधी सोय जोडाक्षरे नीट जुळवत नाही आणि पहिली वेलांटी चुकीच्या जागी पडते. ओबीएसमध्ये ‘ब्राउझर सोर्स’ म्हणून एक सोय आहे: वेबपान बनवून ते पारदर्शक थर म्हणून चित्रावर ठेवता येते. ब्राउझरचे इंजिन देवनागरी बिनचूक मांडते, त्यामुळे नावपट्टी आणि गुणफलक या मार्गाने करणे सगळ्यांत चांगले. गुण बदलणारा माणूस दुसऱ्या संगणकावर किंवा फोनवर बसून आकडे बदलू शकतो आणि मिक्सिंग करणाऱ्याचे लक्ष चित्रावर राहते. सन्माननीय पाहुण्याचे नाव पडद्यावर मोडके दिसणे हा त्याचा आणि भाषेचाही अवमान आहे. त्यासाठी आदल्या संध्याकाळचा एक तास काढायलाच हवा.

यंत्र जुळले तरी कोणते चित्र कधी दाखवायचे हे माणसालाच ठरवावे लागते, आणि त्याचे नियम कार्यक्रमागणिक बदलतात. कबड्डीतली चढाई ३० सेकंदांची. चढाई चालू असताना चढाईपटू आणि सातही बचावपटू एका चौकटीत दिसले पाहिजेत, म्हणजे मधला, उंचावरचा रुंद कॅमेरा. पकड होण्याच्या क्षणी उत्साहात जवळच्या कॅमेऱ्यावर कट मारला की हात मध्यरेषेला लागला की नाही हेच दिसत नाही. निर्णय झाल्यावर चेहऱ्याकडे जावे आणि मग रिप्लेकडे. सगळे कॅमेरे मैदानाच्या एकाच बाजूला असावेत. एखादा समोरच्या बाजूला गेला तर डावीकडे धावणारा खेळाडू पुढच्या चित्रात उजवीकडे धावताना दिसतो. ओबीएसमध्ये ‘रिप्ले बफर’ चालू ठेवला तर बटण दाबताच मागचे ठरावीक सेकंद फाइलमध्ये साठतात आणि ती फाइल लगेच दाखवता येते. कोकणात, ठाणे-रायगडात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा यूट्यूबवर थेट दाखवणारे चमू मोठ्या वाहिन्यांकडे होती ती बरीच साधने याच मार्गाने वापरतात.

कीर्तनात किंवा गाण्याच्या बैठकीत घाई नको. बुवा निरूपण करत असतील तर एकच मध्यम चित्र कितीतरी वेळ ठेवता येते. अभंग चढू लागला की टाळकरी, पखवाज आणि श्रोत्यांचे चेहरे. आणि कट समेवर पडला तर तो जाणवतही नाही. फिरत्या पानांची, ताऱ्यांची, हृदयाच्या आकाराची संक्रमणे सॉफ्टवेअरमध्ये डझनांनी असतात. साधा कट आणि क्वचित डिझॉल्व्ह यांवर जवळजवळ प्रत्येक चांगले प्रक्षेपण उभे राहते.

कॅमेरामनशी बोलायला कानातला संच लागतो आणि भाषा तोकडी, ठरलेली असावी लागते. “दोन, तयार राहा” असे आधी सांगायचे आणि “दोन, कट” म्हणत बटण दाबायचे. कॅमेरामनला नावाने न बोलावता क्रमांकानेच बोलावतात, कारण घाईत नावांची गल्लत होते. कॅमेऱ्यावर टॅली, म्हणजे आपले चित्र दाखवले जात असल्याचा लाल दिवा, असेल तर कॅमेरामन त्या क्षणी झूम हलवत नाही. दिवा नसेल तर क्रमांक तोंडाने सांगत राहणे एवढाच मार्ग उरतो.

तयार झालेले चित्र इंटरनेटवर पाठवण्याआधी दाबावे लागते, कारण सेकंदाला ८३० मेगाबिट कोणत्याही साध्या जोडणीतून जात नाही. हे काम एन्कोडर करतो आणि फुल एचडीसाठी ते साधारण ४ ते ६ मेगाबिटवर आणतो. संगणकाच्या प्रोसेसरवर हा भार टाकता येतो, पण ग्राफिक्स कार्डातल्या एन्कोडरवर दिला तर चित्रे बदलताना संगणक अडखळत नाही. प्रत्येक दोन सेकंदांना एक पूर्ण फ्रेम पाठवायची, असे यूट्यूब सुचवते. तिथवर पोहोचवण्याची सर्वांत रुळलेली वाट आरटीएमपी. ती मूळ मॅक्रोमीडियाच्या फ्लॅशसाठी तयार झाली होती. फ्लॅश २०२० अखेर बंद पडले तरी ही वाट चालूच आहे. जोडणी डळमळीत असेल तर एसआरटी ही दुसरी वाट अधिक टिकते, कारण हरवलेले तुकडे ती मागून घेते. हायव्हिजन कंपनीने तयार केलेली ही पद्धत २०१७ मध्ये सर्वांसाठी खुली झाली.

अपलोडचा वेग मोजताना एक खबरदारी घ्यावी. जत्रेच्या मैदानात आदल्या दिवशी २० मेगाबिट दाखवणारे सिमकार्ड गर्दी जमल्यावर २ वर येऊ शकते, कारण टॉवर तोच आणि वापरणारे हजारपट. मोजलेल्या वेगाच्या निम्म्याहून अधिक कधी मागू नये. जवळच्या घरातून किंवा शाळेतून फायबरची वायर ओढता आली तर उत्तम. नाहीतर दोन-तीन कंपन्यांची सिमकार्डे एकत्र बांधणारे यंत्र भाड्याने घ्यावे. काही बिघडले तर ओबीएसची आकडेवारीची खिडकी कारण सांगते. नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेम वाढत असतील तर बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायचे मेगाबिट, कमी करावा; एन्कोडिंगमुळे वगळलेल्या वाढत असतील तर एन्कोडरवरचा भार हलका करावा; चित्र रचण्यात चुकलेल्या वाढत असतील तर ग्राफिक्स कार्ड थकले आहे, तेव्हा थर कमी करावेत. पहिल्या दोषावर तिसऱ्याचे औषध देण्यात कितीतरी प्रक्षेपणे वाया जातात.

सॉफ्टवेअरचा कमकुवत भाग म्हणजे तो संगणकच. तो मध्येच अपडेट मागतो, तापतो, बंद पडतो. २०१९ मध्ये ब्लॅकमॅजिक कंपनीने आणलेल्या ‘एटेम मिनी’ या चार एचडीएमआय इनपुटच्या छोट्या मिक्सरने यावर मधला मार्ग दिला. चित्रे बदलण्याचे आणि कॅमेरे एका तालात आणण्याचे काम ती पेटी करते आणि संगणकाला यूएसबीवरून एकच तयार चित्र मिळते. अक्षरे आणि प्रक्षेपण संगणकाकडे, कट पेटीकडे, ही विभागणी लहान चमूंसाठी निर्धोक ठरते. कोणताही मार्ग घेतला तरी संगणकाला यूपीएस, कॅमेऱ्यांना थेट वीज आणि अपडेट व सूचना बंद, ही तयारी अटळ आहे. नवीन यूट्यूब वाहिनीला थेट प्रक्षेपणाची परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून ते काम कार्यक्रमाच्या सकाळवर ठेवता येत नाही. चित्रपटातली गाणी मध्यंतरात लावली तर हक्कांची स्वयंचलित तपासणी प्रक्षेपण मध्येच थांबवू शकते.

इंटरनेटवर काय गेले याच्याशी संबंध न ठेवता संगणकावर स्वतंत्र मुद्रण चालू असावे. पाच मेगाबिटने तीन तासांचा कार्यक्रम पावणेसात गिगाबाइटमध्ये बसतो. साध्या एमपी४ फाइलमध्ये वीज गेली तर संपूर्ण फाइल उघडेनाशी होते. एमकेव्हीमध्ये तोपर्यंतचा भाग शाबूत राहतो, आणि नंतर ओबीएसच तिला काही मिनिटांत एमपी४ करून देते. प्रत्येक कॅमेऱ्यातल्या कार्डावरही वेगळे मुद्रण ठेवले तर चुकलेला कट पुढे सुधारता येतो. स्वतःचे मुद्रण लांबलचक कार्यक्रमांत विशेष उपयोगी पडते, कारण १२ तासांहून लांब प्रक्षेपण यूट्यूब जतन करीलच असे नाही. अखंड हरिनाम सप्ताहासारखे रात्रंदिवस चालणारे कार्यक्रम म्हणूनच दहा-अकरा तासांच्या भागांत तोडून दाखवावेत. पुढच्या भागाची लिंक आधी तयार करून प्रेक्षकांना द्यावी आणि भाग बदलण्यासाठी आरती किंवा प्रसादाची वेळ निवडावी.